दुकानाचा जुना ०२५३ नंबर इंटरनेट फोनवर न्यावा का? नाशिकमधे कोणी वापरतंय का?

दिंडोरीरोड_पंपवाला:

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे पण वाचून सांगा. आमचं दिंडोरी रोडला पंप, मोटार आणि ठिबकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, वडिलांनी १९९६ ला टाकलं, तेव्हापासून लँडलाईन नंबर एकच, मधे एकदा पुढे आकडा वाढला तेवढाच काय तो बदल. दिंडोरी, पेठ, सुरगाण्यापर्यंत कितीतरी विहिरींवर स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडलं की आत आमचं स्टिकर दिसतं, त्यावर हाच नंबर. मोटार जळाली की माणूस पहिलं ते झाकण उघडतो आणि समोर दिसेल तो नंबर फिरवतो. त्यामुळे हा नंबर सोडायचा विषयच नाही.

पण लाईन आता टिकत नाहीये. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते खोदलेले, जमिनीतली केबल तुटली की आठ आठ दिवस फोन मुका. मागच्या महिन्यात तर सतरा दिवस बंद होता, त्यात उन्हाळा म्हणजे आमचा सीझन. एक गिऱ्हाईक पेठहून गाडी करून आलं आणि म्हणालं, फोन लागेना, वाटलं दुकान बंद केलं तुम्ही. वडिलांना ते फार लागलं.

आता सगळे म्हणतात इंटरनेटवरचा फोन घे. पण त्यात पण कोणी व्हॉट्सॲप कॉल म्हणतं, कोणी वायफाय कॉलिंग म्हणतं, कोणी आयपी फोन, कोणी व्हर्च्युअल नंबर, सगळं डोक्यावरून चाललंय. मला हवंय एवढंच की नंबर तोच राहावा, वडील (वय ७१) काउंटरवर त्यांचा तो जुना डबडा फोन उचलून बोलू शकावेत, मी अंबडच्या गोडाऊनला असलो तर माझ्या मोबाईलवर पण रिंग यावी आणि एका वेळी दोन गिऱ्हाईकांचे फोन आले तर दुसऱ्याला एंगेज लागू नये. शिवाय भाऊ दुबईला आहे, तो आईशी व्हिडिओवर बोलायला बघतो तर व्हॉट्सॲपवर काही केल्या लागत नाही. कोणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर सांगा, जाहिरातीतलं नको.


अंबड_केबलिंगवाला:

दादा, मी अंबड सातपूर एमआयडीसीत कंपन्यांची नेटवर्क आणि इंटरकॉमची कामं करतो, चौदा वर्षं झाली, त्यामुळे हा गोंधळ रोज बघतो. आधी सुटं सुटं करून सांगतो म्हणजे तुम्हालाच कळेल तुम्हाला काय पाहिजे.

व्हॉट्सॲप कॉल म्हणजे ॲप ते ॲप. दोन्हीकडे तेच ॲप आणि दोन्हीकडे नेट पाहिजे. पेठचा शेतकरी साध्या बटणाच्या फोनवरून तुमच्या लँडलाईनला लावतो त्याला याचा काही उपयोग नाही.

वायफाय कॉलिंग म्हणजे तुमचा सिमकार्डाचाच नंबर, फक्त टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कॉल कंपनीपर्यंत जातो. ॲप नको, समोरच्याकडे नेट नको. एअरटेलनं डिसेंबर २०१९ मधे आणि जिओनं जानेवारी २०२० मधे आपल्याकडे चालू केलं. फोनच्या सेटिंगमधे एक बटण आहे, बऱ्याच लोकांना माहीतच नसतं.

तुमच्या कामाचं तिसरं आहे, फायबरवरचा लँडलाईन. फायबरची वायर घरात येते, तिला एक डबी लागते, तिच्या मागे बघा फोनच्या पिनचं एक भोक असतं. त्यात तुमच्या वडिलांचा तोच जुना फोन खोचायचा. आतून सगळं इंटरनेटच्या भाषेत चालतं पण वडिलांच्या हाताला काही फरक कळणार नाही, तीच रिंग, तीच डायल टोन. लँडलाईनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य लावायचा, जानेवारी २०२१ पासूनचा नियम, तो तसाच राहणार.

आता नंबरचं नीट ऐका, इथेच लोक फसतात. पोर्टिंग आपल्याकडे फक्त मोबाईल नंबरला आहे, २०११ पासून. लँडलाईनचा नंबर एका कंपनीतून दुसरीत नेता येत नाही. म्हणजे आता ज्या कंपनीची तांब्याची लाईन आहे तिच्याकडेच फायबर मागा आणि अर्जावर स्पष्ट लिहा की जुना नंबर कायम ठेवून बदल करायचा आहे. कुठल्याही दुसऱ्या कंपनीचा पोरगा दारात येऊन म्हणाला की साहेब नंबर तोच देतो, तर सही करू नका. आणि जुनी लाईन आधी कटवू नका!! एकदा सरेंडर केली की नंबर परत मिळेल याचा भरवसा नाही. मी दोन दुकानदारांचे नंबर असे जाताना बघितलेत.

मोबाईलवर रिंग येण्यासाठी दोन रस्ते. काही कंपन्यांचं स्वतःचं ॲप असतं, लँडलाईनचा कॉल त्यावर पण वाजतो. २०१८ मधे दूरसंचार खात्यानं इंटरनेट टेलिफोनीचा मार्ग मोकळा केला तेव्हापासूनची ही सोय, त्याच वर्षी बीएसएनएलनं विंग्ज नावानं ॲपवरून कुठल्याही साध्या फोनला लावता येईल अशी सेवा आणली होती. त्याआधी २००२ पासून आपल्याकडे इंटरनेटवरून बोलायला परवानगी होती पण कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर किंवा परदेशातल्या फोनला, देशातल्या देशात साध्या फोनला नाही. ॲप नसेल तर साधं कॉल फॉरवर्डिंग लावा, उचलला नाही तर तुमच्या मोबाईलवर जाईल.

दोन कॉल एकदम हवे असतील तर क्लाऊड टेलिफोनी किंवा व्हर्च्युअल नंबर लागतो, म्हणजे नंबर एखाद्या वायरीला बांधलेला नसतो, कंपनीच्या कॉम्प्युटरवर असतो आणि तिथून कॉल वेगवेगळ्या फोनवर वाटले जातात. तो तुम्ही वापरलाय रोज, फक्त लक्षात आलं नसेल. जेवण मागवलं की डिलिव्हरीवाल्याचा फोन येतो तेव्हा त्याचा खरा नंबर दिसत नाही ना, मधे कंपनीचा नंबर असतो, तेच हे. पण तुमच्या एका दुकानाला लगेच त्याची गरज वाटत नाही मला, आधी फायबर करा, चार महिने बघा.

एक शेवटचं, आवाज तुटण्याबद्दल, कारण महिनाभरानं तुम्ही हेच विचारणार आहात. नेटचा स्पीड शंभर एमबीपीएस असो की तीनशे, एका कॉलला जेमतेम १०० केबीपीएस लागतात, म्हणजे एका एमबीपीएसचा दहावा भाग, काहीच नाही. पण आवाजाचे सेकंदाला साधारण ५० तुकडे होऊन जातात, एकेक तुकडा २० मिलिसेकंदाचा. फाईल डाऊनलोड करताना एखादा तुकडा हरवला तर परत मागवता येतो, बोलण्यात तेवढा वेळच नसतो, हरवला तो हरवला, तिथे शब्द अर्धा कापला जातो. सातपूरला एका कारखान्यात रोज संध्याकाळी सहाला फोन तुटायचे, सगळे फोन बदलून झाले, राउटर बदलला, शेवटी कळलं की सहाला ऑफिसच्या कॉम्प्युटरचा बॅकअप सुरू व्हायचा आणि अपलोड पूर्ण भरायचा. राउटरमधे आवाजाला पहिला नंबर दिला, झालं काम. तुमच्या दुकानात सीसीटीव्ही क्लाऊडवर जात असेल तर हे लक्षात ठेवा.


निफाडची_बाग:

केबलिंगवाल्या भाऊंनी मस्त सांगितलं, वायफाय कॉलिंगचं तर मी स्वतःच्या अनुभवानं सांगतो. आमचं निफाड तालुक्यात द्राक्षाचं छोटं पॅकहाऊस आहे, शेजारच्या चार पाच बागाईतदारांचा माल पण आमच्याकडंच पॅक होतो, युरोपला जातो. प्रीकूलिंगची खोली म्हणजे चारी बाजूनं पत्र्याचे पॅनेल, मधे फोम, आत पाऊल टाकलं की मोबाईलची रेंज गायब. पूर्वी आतल्या पोराशी बोलायचं तर दार उघडून हाका मारायच्या, तोपर्यंत थंडी बाहेर आणि लाईटबिल वर. मागच्या सीझनला आत एक वायफायचा डबा लावला आणि सगळ्यांच्या मोबाईलमधे वायफाय कॉलिंग चालू करून दिलं. आता आत अंगात स्वेटर घालून उभा असलेला पोरगा सिमच्या नंबरवरच बोलतो, पेटी नंबर सांगतो, बाहेर मी लिहून घेतो. एक रुपया जास्तीचा लागला नाही.

दुसरं व्हिडिओ कॉलचं. हॉलंडचा खरेदीदार पूर्वी फोटो मागायचा, फोटोवर विश्वास बसायचा नाही त्याचा, आणि खोटं कशाला सांगू, फोटोत चांगला घड पुढं करणारे लोक आहेतच. आता तो म्हणतो कॉल लाव आणि मी सांगेन ती पेटी उघड. तो बोट दाखवतो तिसऱ्या थरातली डावीकडची, मी तीच उघडतो. मण्याला गेज लावतो, १८ एमएमच्या भोकातून मणी खाली पडला का अडकला हे त्याला तिथं बसून दिसतं. मग मणी फोडून रस ब्रिक्सच्या म्हणजे गोडी मोजायच्या मीटरवर टाकायचा आणि कॅमेरा त्या मीटरच्या डोळ्याला लावायचा, थोडं जमवावं लागतं, हात हलला की दिसत नाही. हिवाळ्यात ते आपल्या साडेचार तास मागं असतात, म्हणून आमचे कॉल दुपारी दीड दोनच्या पुढं, मजुरांची जेवणं झाली की.

मला आठवतंय वडील आयएसडी करायला लासलगावला बूथवर जायचे, त्या मीटरचा लाल आकडा पळायचा आणि वडील घाईघाईत बोलून ठेवून द्यायचे, अर्धं बोलायचं राहूनच जायचं. आज तोच सौदा अर्धा अर्धा तास समोरासमोर होतो. आमच्या भागात द्राक्षवाल्याला याचा जो उपयोग झालाय तो मला वाटतं बाकी कुठल्याच फोनच्या गोष्टीचा नाही झाला.

फक्त बागेत नेट फार बेभरवशाचं, व्हिडिओ लावायचा तर पॅकहाऊसच्या वायफायवरच. आणि बोली झाली की लगेच मेलवर लिहून घ्या, कॉलवर बोललेलं कोणी धरत नाही.


दुबईतला_नाशिककर:

भावाबद्दल. इथे युएईमधे व्हॉट्सॲपवरचे मेसेज चालतात पण कॉल बंद आहेत, परवानगी असलेलीच ॲप चालतात, आम्ही सगळे बोटिम वापरतो. आईच्या फोनमधे तेच टाकून द्या, एकदा नंबर जोडला की तिला फक्त हिरवं बटण दाबायचंय. भाऊ कोणाचं ऐकून व्हीपीएन (बंदी चुकवायला लोक लावतात ते ॲप) लावून कॉल करत असेल तर आजच थांबवायला सांगा, इथल्या कायद्यात त्याला लाखो दिऱ्हमचा दंड आहे, नोकरीवर बेतेल.


इंदिरानगर_मीनल:

मी वेगळ्या बाजूनं लिहिते कारण सगळं धंद्याचंच चाललंय आणि यात घरची म्हातारी माणसं फार महत्त्वाची आहेत. माझी आई (७८) देवळाली कॅम्पला एकटी राहते. व्हॉट्सॲपचे कॉल २०१५ ला आले, व्हिडिओ २०१६ च्या शेवटी, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, तेव्हापासून आमचं रोज सकाळी साडेसातला बोलणं असतं, ती चहा गाळत असते आणि फोन डब्याला टेकवून ठेवलेला. मी तिच्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे बघते, सूज आहे का ते. तिला मी सांगते, आई फोन जरा खाली धर. मागच्या पावसाळ्यात अशीच सूज दिसली म्हणून डॉक्टरांकडे लवकर नेलं, हार्टच्या गोळीचा डोस बदलावा लागला. साध्या फोनवर ती "मी बरी आहे" एवढंच म्हणाली असती.

सरकारची ई-संजीवनी पण वापरून बघा, व्हिडिओवर डॉक्टर दिसतात, २०२० च्या लॉकडाऊनमधे घरबसल्या ओपीडी सुरू झाली ती अजून चालू आहे, फी नाही. खोकला, औषध संपलं, रिपोर्ट दाखवायचा अशा कामाला चांगली आहे. छातीत दुखतंय म्हणून तिथे रांगेत बसू नका, सरळ दवाखाना.

आता माझा कळकळीचा मुद्दा. जुन्या तांब्याच्या लँडलाईनला वीज एक्स्चेंजमधून यायची, ४८ व्होल्टची, म्हणून घरात लाईट गेली तरी फोन चालायचा. फायबरचा फोन लाईट गेली की गेला!! आई बाथरूममधे घसरली त्या रात्री लाईट नव्हती. मोबाईल चार्जिंगला लावलेला दुसऱ्या खोलीत, लँडलाईन नवीन फायबरचा, तो मेलेला. ती सरपटत दारापर्यंत गेली आणि शेजारच्यांना हाक मारली. नशीब हाड मोडलं नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही राउटरला छोटा बॅटरी बॅकअप बसवला, हजार दीड हजारात आला. दुकानाला पण हेच लागू आहे, उन्हाळ्यात लाईट जाते तेव्हाच तुमच्या गिऱ्हाईकांच्या मोटारी जळतात ना.

आणि व्हॉट्सॲपवरून ११२, म्हणजे तातडीच्या मदतीचा नंबर, लागत नाही. त्यासाठी सिमचा साधा कॉल किंवा लँडलाईनच. आईच्या फोनमधे नेटचा पॅक संपला तरी साधा कॉल लागेल असं रिचार्ज कायम ठेवा, लोक डेटा बघतात आणि हे विसरतात.


जेलरोड_आनंद:

मीनलताई, अंगावर काटा आला वाचून. म्हाताऱ्या माणसांचा विषय निघालाच आहे तर हे पण लिहू द्या. माझे काका, रिटायर, नाशिकरोडला राहतात, त्यांना व्हिडिओ कॉल आला, समोर पोलिसाच्या ड्रेसमधला माणूस, मागे झेंडा, भिंतीवर बोर्ड. तुमच्या नावाचं पार्सल सापडलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमधे आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, कोणाला सांगायचं नाही. काका सहा तास खुर्चीत बसून होते, काकूला खुणेनं पाणी मागत होते. मी सहज डबा द्यायला गेलो म्हणून कळलं. फोन हातातून काढून घेतला आणि बंद केला तर काका मलाच म्हणाले, अरे आता ते आणखी चिडतील. एफडी मोडायला बँकेत जायची तयारी झाली होती.

पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार आपल्या कायद्यातच नाही, हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ करून घ्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, पहिल्या तासात कळवलं तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नसतील पण कॉल संशयास्पद असेल तर दूरसंचार खात्याच्या संचार साथी वेबसाईटवर चक्षू नावाच्या तक्रारीच्या भागात कळवा. आणि बँकांचे सेवेचे कॉल आता १६०० पासून सुरू होणाऱ्या नंबरवरून येतात, दहा आकडी मोबाईलवरून "बँकेतून बोलतोय" म्हणाला की ठेवून द्या.

दुकानदार भाऊंना अजून एक. कोणी येऊन म्हणालं की दुकानात एक मशीन ठेवू द्या, त्यात आमची सिमकार्डं असतील, महिन्याला भाडं देतो, तर अजिबात नाही. त्याला सिमबॉक्स म्हणतात, परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल तो लोकल नंबर करून पुढे पाठवतो. काकांना आले तसले कॉल अशाच रस्त्यानं येतात आणि धाड पडली की जागा ज्याची त्याला पहिलं उचलतात.


दिंडोरीरोड_पंपवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी येतोय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं. अर्जावर "जुना नंबर कायम ठेवून" असं दोनदा लिहिलं, एकदा वर आणि एकदा सहीच्या शेजारी. बाराव्या दिवशी फायबर आलं. माणसानं डबी भिंतीला लावली, वडिलांचा फोन मागच्या भोकात खोचला आणि वडिलांनी उचलून कानाला लावला, टोन आली. मग मी अंबडहून मोबाईलवरून लावला, त्यांनी नेहमीसारखंच दुकानाचं नाव घेतलं आणि म्हणाले, आवाज तर आधीपेक्षा साफ येतोय रे. संध्याकाळी सुरगाण्याच्या बाजूनं पहिला खरा कॉल आला, पाच एचपीची मोटार, कपॅसिटर गेलेला. नंबर कुठून मिळाला विचारलं तर म्हणाला, पेटीच्या झाकणावर आहे की.

फॉरवर्डिंग लावलंय, सहा रिंगनंतर माझ्याकडे येतो. दुसरा कॉल एंगेजच लागतो अजून, ते सीझन झाल्यावर बघू. एक दिवस आवाज तुटत होता, भाऊंचं वाचलेलं आठवलं, सीसीटीव्हीच निघाला, रेकॉर्डिंग दुकानातल्या डब्यातच ठेवलं, थांबलं.

आईच्या फोनमधे बोटिम टाकलं. पहिल्या दिवशी पाऊण तास बोलले दोघं, भावानं तिला त्याचं किचन दाखवलं, कुकर कुठला आहे तो पण. डिजिटल अरेस्टचं सगळ्यांना वाचून दाखवलं, वडिलांनी १९३० काउंटरच्या काचेखाली लिहून ठेवलाय.

आता फक्त बॅटरी बॅकअप राहिलाय. मीनलताई, तुम्ही कुठला घेतला? इथे दुकानात तीन प्रकारचे दाखवतायत, ९ व्होल्ट, १२ व्होल्ट, काही कळेना.


इंदिरानगर_मीनल:

खूप बरं वाटलं वाचून. आमचा १२ व्होल्टचा आहे पण त्यावर जाऊ नका, तुमच्या फायबरच्या डबीच्या ॲडॉप्टरवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, व्होल्ट किती आणि अँपिअर किती, व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ॲडॉप्टरचा फोटो काढून दुकानात घेऊन जा.


अंबड_केबलिंगवाला:

बरोबर. आणि पिनची जाडी पण जुळवून बघा, नाहीतर घरी येऊन बसतच नाही. डबी आणि वायफायचा राउटर वेगवेगळे असतील तर बॅकअपला दोन वायरी निघणारा घ्या, लोक राउटरला लावतात आणि डबी विसरतात, मग लाईट गेली की वायफाय दिसतं पण फोन बंद.


दिंडोरीरोड_पंपवाला:

दोन वेगवेगळेच आहेत. बरं झालं विचारलं, उद्या दोन वायरींचाच आणतो.